'बनगरवाडी'तला दुष्काळ ही पार्श्वभूमी नव्हे

'बनगरवाडी' शिकवताना 'वातावरणनिर्मिती' हा शब्द आपण फार सहज वापरतो. माळ, मेंढरे, ऊन यांची नोंद झाली की निसर्गाचे काम संपले, असे गृहीत धरले जाते. आम्हांला हे वाचन अपुरे वाटते.

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मात्र तो कसाबसा पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात आणि पूर्वेकडे पर्जन्यछाया उरते. जिथे हलकी, मुरमाड जमीन आहे तिथे शेती बेभरवशाची असते. मेंढरू मात्र खुरट्या गवतावर जगते आणि चारा संपला की चालू लागते. म्हणून इथली वस्ती विरळ, वाड्यावाड्यांत विखुरलेली आणि अर्धी पायांवर उभी. धनगरांचे घर जितके वाडीत, तितकेच वाटेवर.

१९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीची रचना हाच भूगोल ठरवतो. औंध संस्थानातला तरुण मास्तर वाडीत येतो, शाळा भरवतो, तालमीची इमारत उभी करवतो. म्हणजे तो स्थिर गावाची कल्पना घेऊन आलेला असतो. शेवटी पाऊस दगा देतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला निघून जातात, वाडी ओस पडते. कथानकाला कलाटणी देणारे पात्र कोणते, तर न आलेला पाऊस.

'ग्रामीण साहित्य' या संज्ञेत गाव एका जागी असते, हे आपण न तपासता मानले आहे. बारा बलुतेदारांच्या पांढरीचे निकष माणदेशी वाडीला लावले, की तिचे उठून जाणे शोकांतिका ठरते. वाडीच्या बाजूने पाहिले तर ती जगण्याची जुनी रीत आहे. शोक आहे तो मुख्यतः मास्तरचा.

अर्थात, सारे हवामानावर ढकलणेही आम्हांला मान्य नाही. पाऊस किती पडेल हे डोंगर ठरवतो. कालवा कुठे वळेल हे माणसे ठरवतात. २०१२-१३च्या दुष्काळात याच माणमध्ये जनावरांसह माणसे चारा छावण्यांत राहिली, त्यामागे दोन्ही कारणे होती.

तेव्हा विद्यार्थ्यांना वातावरणाचे वर्णन विचारण्याऐवजी एवढेच विचारावे: ही वाडी इथे का वसली, आणि का उठली? उत्तर शोधताना कादंबरीची घडण आपोआप हाती येईल.