पाखरांची पुस्तके आणि आपले अंगण

“पाखरे पाहून परीक्षेत गुण मिळतात काय?” असा प्रश्न काही पालक आम्हांस विचारतात. मिळत नाहीत, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. परंतु तो वेळ व्यर्थ जातो, हे आम्हांस मान्य नाही.

सन १८८३ मध्ये मुंबईतील आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, आणि साताऱ्यास एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हेही होते. एटकेनसाहेबांची चाकरी जकात व मिठाच्या खात्यात. लक्ष मात्र पाखरांकडे. सन १९०० मध्ये त्यांनी मुंबईच्या नित्य दिसणाऱ्या पाखरांवरच पुस्तक लिहिले.

पुढे ह्याच संस्थेत सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा आपण मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन आला. तो सलीम अली. चिटणीस मिलार्डसाहेबांनी त्यास वाटेस न लावता तिचे नाव सांगितले व संस्थेचा पक्षिसंग्रह उघडून दाखविला. त्या भेटीचे फळ म्हणजे सन १९४१ चे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे सचित्र पुस्तक, आणि रिप्लेसाहेबांसह १९६८ ते १९७४ मध्ये सिद्ध केलेले दहा खंड.

अशा पुस्तकातील चित्र कसे घडते, ह्याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. चित्रकार जतन केलेली पक्ष्याची कातडी समोर ठेवून पिसांचे रंग व मापे घेतो. परंतु मेलेल्या पाखराच्या डोळ्यांचा व पायांचा रंग विटतो, बसण्याची ढब तर उरतच नाही. ती जिवंत पाखरू पाहिलेल्यानेच सांगावी लागते. म्हणून आमचे मत असे की, पाखरू आधी पाहावे, चित्र मागाहून. नाही तर नावांचे नुसते पाठांतर होते.

त्या काळच्या अभ्यासकांस बंदूक लागली. आपणांस डोळे व एक वही पुरे. कांदिवलीच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यान आहे, पश्चिमेस चारकोपच्या खाडीकाठी तिवरे आहेत, आणि तांबट व दयाळ तर शाळेच्या वाटेवरही भेटतात. दिवस, वेळ, जागा, पाखराने काय केले, एवढेच लिहावे.

पालकांस इतकीच विनंती की, सुट्टीतील एक सकाळ मुलांस द्यावी. मिलार्डसाहेबांनी त्या दिवशी “आता वेळ नाही” असे म्हटले असते, तर केवढे नुकसान झाले असते!