लोनवाल्या ताईंना अनावृत पत्र

मानोरा, जि. वाशीम

ताई,


तुमची माझी ओळख नाही, पण माझं नाव तुम्हाला पाठ आहे. दिवसातून तीनदा घेता, आडनाव चुकवून.

भर श्रावणात सोयाबीनची फवारणी चालू असते. पाठीवर पंप, हात औषधानं माखलेले, मोबाइल बंडीच्या खिशात पन्नीत गुंडाळलेला. तासात उभं राहिलं तर आवाज तुटतो. म्हणून पंप उतरवायचा, कॅनच्या पाण्यानं हात धुवायचे, धुऱ्यावरच्या बाभळीखाली जायचं. तिथे तुम्ही गोड आवाजात विचारता, "सर, पर्सनल लोन चाहिए?"

पेरणीच्या आधी पीककर्जासाठी सातबारा, आठ-अ, नो ड्यूज असे कागद गोळा करत मी पंधरा दिवस फिरलो. तिथे मला कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. ज्याला कर्ज पाहिजे त्याला हेलपाटे, आणि नको म्हणणाऱ्याच्या मागे तुम्ही!

तुम्हाला थांबवायचे उपाय मी केले, ताई. १९०९ वर एसएमएस टाकून 'डीएनडी' लावलं. नको असलेल्या फोनसाठी ही नोंदवही देशात २००७ पासून आहे म्हणे. जाहिरातीचा फोन १४० पासून सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला पाहिजे, बँकेच्या कामाचा १६०० वरून. तुमचा मात्र साध्या दहा आकड्यांवरून येतो, माझ्या साळ्याच्या नंबरासारखा. तक्रार करायला आधी तीनच दिवस मिळायचे, २०२५ च्या नव्या नियमात सात झाले. मी केलीही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुसऱ्या नंबरावरून हजर.

मग मी अनोळखी नंबर उचलणंच सोडलं. वाजला की कट, जास्तच वाजला की ब्लॉक.

पोरगी अमरावतीला होस्टेलवर असते. गेल्या महिन्यात तिचा मोबाइल बंद पडला आणि त्याच दिवशी ताप चढला. मैत्रिणीच्या मोबाइलवरून तिनं मला चारदा फोन लावला. तीनदा मी कट केला, चौथ्यांदा ब्लॉक. रात्री पुतण्याच्या फोनवर निरोप आला, तोवर तिला सलाइन लागलं होतं. पहाटे कारंजामार्गे पोचलो. पोरगी रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मी कवाची फोन लावून राह्यली, तुम्ही कट करून राह्यले."

त्या मैत्रिणीचा नंबर ब्लॉकमधून काढणं मला जमेना. मोबाइलच्या दुकानातल्या पोरापुढे फोन धरला. त्यानं यादी उघडली. अंगठ्यानं वर सरकवली, आणखी वर सरकवली. सगळे तुमचेच नंबर, मधे कुठेतरी तो एक.

"काका," तो म्हणाला, "याच्यातला पोरीचा कोनता?"

कळावे,
मानोऱ्याचा एक शेतकरी