जुनी मोटार घेताना चारही चाकांच्या ओढीचा विचार

हुडकेश्वरकडून उमरेडच्या बाजूस जाताना जी काळी भारी जमीन लागते, तिचा स्वभाव आमच्या वाचकांस सांगावयास नको. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि आषाढात तीच फुगून चाकास अशी चिकटते की, पांदणीतून रिकामी बैलगाडीही निघत नाही. अशा वेळी चारही चाकांनी ओढणारी, बाजारात जिला फोर-बाय-फोर म्हणतात ती, जुनी मोटार घ्यावी असे पुष्कळांच्या मनात येते. विचार योग्य आहे. परंतु तो नावावर व रूपावर विसंबून केला जातो, हे आम्हास बरे वाटत नाही.

ज्या कंपनीने विलीस जीपेच्या जुळणीपासून मोटारींचा धंदा आरंभिला, त्या महिंद्रची ‘थार’ घेतली म्हणजे काम झाले, असा समज आहे. 2023 च्या जानेवारीपासून ह्याच नावाची गाडी केवळ मागील दोन चाकांच्या ओढीचीही विकली जात आहे. स्कॉर्पिओ व बोलेरो तर बहुतांशी तशाच. म्हणून घेणाराने प्रथम वाकून गाडीखाली पाहावे. गिअरपेटीमागे दुसरी पेटी आणि तेथून पुढील आसाकडे जाणारा दांडा दिसला, तरच भावाचे बोलणे करावे.

आता ओढीचे प्रकार. डस्टरसारख्या मोटारीत पुढील चाके घसरू लागली की, क्लचाच्या द्वारे मागील चाकांस शक्ती मिळते. ओल्या डांबरी वा मुरमाड रस्त्यास ही सोय उत्तम. परंतु तीत मंद गिअर नाही, आणि खोल चिखलात फार वेळ रेटल्यास तो क्लच तापतो. जिप्सी व चौचाकी ओढीची थार ह्यांत दांड्याने जोड लावावी लागते व मंद गिअर असतो. थारमध्ये त्याने ओढ सुमारे अडीचपट होते. आमच्या मते काळ्या जमिनीच्या मालकाने हाच प्रकार निवडावा. मात्र ही जोड कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून वळणे घेऊ नये. पुढील व मागील चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि सारा ताण त्या दुसऱ्या पेटीवर पडतो. पूर्वीच्या मालकाने तसे केले असेल, तर जोड लावताच घरघर ऐकू येते, किंवा दांडा आपोआप सुटतो.

तरीही गाडी फसते, ह्याचे पुष्कळांस नवल वाटते. डिफरन्शियल शक्ती सैल चाकाकडे सोडते. प्रत्येक आसाचे एक चाक गरगर फिरते व दुसरे स्वस्थ उभे. ट्रॅक्टरवर पायाने दाबावयाचे डिफरन्शियलचे कुलूप आपण रोज वापरतो. तेच तत्त्व येथे. 2015 सालच्या सुधारणेत थारला मागील आसाचे आपोआप लागणारे कुलूप मिळाले. ते प्रत्येक नमुन्यात असेलच असे नाही, म्हणून विचारून घ्यावे. टायर चारही एकाच मापाचे व खोल दातांचे असावेत. गुळगुळीत टायरांवर ह्या साऱ्या यंत्राचा खर्च व्यर्थ जातो.

ज्यांचे वावर डांबरी रस्त्यास लागून आहे, त्यांनी ही मोटार घेऊच नये. इंधन अधिक लागते, दुरुस्ती महाग पडते, आणि वर्षातून चार दिवस फसलेली गाडी काढावयास घरचा ट्रॅक्टर पुरे होतो.

ज्यांस घ्यावयाचीच आहे, त्यांनी नोंदणीपुस्तकावरील कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री करून घ्यावी आणि गाडी वैशाखात न पाहता मृगाच्या पावसानंतर पाहावी. विकणारा ती ओल्या वावरात नेण्यास कां-कूं करू लागला, तर दुसरी गाडी पाहावयास निघावे.