दर भिंतीवर, संसर्ग दफ्तरात

वांद्र्याच्या पश्चिमेला लीलावती, होली फॅमिली आणि महापालिकेचे भाभा, तर पूर्वेला वांद्रे-कुर्ला संकुलातील एशियन हार्ट, अशी रुग्णालये हाकेच्या अंतरावर असलेल्या या उपनगरात रुग्णाला निवडीची वानवा नाही; परंतु अतिदक्षता विभागात दाखल झाल्यानंतर तेथेच जंतुसंसर्ग होण्याचा धोका कोणत्या रुग्णालयात किती, हे त्याला कोठेही वाचायला मिळत नाही. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने खासगी रुग्णालयांना १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. खाटेचे भाडे त्यामुळे भिंतीवर आले, संसर्गाचा दर मात्र दफ्तरातच राहिला.

दाखल होताना नसलेला आणि साधारणपणे ४८ तासांनंतर उद्भवणारा संसर्ग रुग्णालयजन्य मानला जातो. मोठ्या शिरेत घातलेली नळी, लघवीसाठीचा कॅथेटर आणि व्हेंटिलेटरची श्वासनलिकेतील नळी या त्याच्या ठळक वाटा होत. नळीच्या पृष्ठभागावर जंतू एकमेकांना धरून चिकट थर तयार करतात आणि त्या थरात औषध पुरेसे भिनत नाही. प्रयोगशाळेत अशा जंतूंच्या वाढीवर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडते त्याच्या चकतीभोवती मोकळे वर्तुळ उमटते, जे निकामी ठरते त्याच्या कडेपर्यंत जंतू बिनदिक्कत वाढतात. क्लेब्सिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टर या जंतूंच्या बशीत मेरोपेनेमसारख्या राखीव प्रतिजैविकाच्या चकतीभोवतीही वर्तुळ उमटले नाही, तर डॉक्टरांना बहुधा कोलिस्टिनकडे, म्हणजे मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून एकेकाळी मागे पडलेल्या औषधाकडे, वळावे लागते.

ही अवस्था मुंबईला नवी नाही. मेरोपेनेमच्या वर्गातील औषधे निष्प्रभ करणारे विकर बनवण्याची क्षमता देणारे एनडीएम-१ हे जनुक, नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या जंतूत सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. माहीमच्या खाडीपलीकडे, हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी त्याच वर्षीच्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळातील, त्या वर्गाच्या औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले, तेव्हा २२ मध्ये हे जनुक आढळले आणि २०१० मध्ये त्यांनी ते उघडपणे छापले. हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, असल्यामुळे ते एका जातीपुरते थांबत नाही. पुढे देशात जनुकाच्या नावातील नवी दिल्लीच्या उल्लेखावरून वादंग माजले आणि त्या गदारोळात रुग्णालयांच्या आतल्या परिस्थितीची चर्चा मागे पडली. हिंदुजातील डॉक्टरांचा मोकळेपणा स्वेच्छेचा होता. तो कोणत्याही नियमाने मागितलेला नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नियम आला तो औषधाच्या दुकानापुरता. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीतील मूळ ४६ औषधांपैकी सुमारे निम्मी प्रतिजैविके असून, ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे केमिस्टला भाग आहे. तिची तपासणी ज्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, त्याचे राज्य मुख्यालयही वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीला आळा हवाच, परंतु अतिदक्षता विभागात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात स्वच्छ झाले की नाही, हे केमिस्टच्या वहीत उमटत नाही.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००१ पासून सरकारी रुग्णालयांना अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या एमआरएसए या जंतूच्या रक्तातील संसर्गाची नोंद कळवणे सक्तीचे झाले, २००४ मध्ये तो निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरले आणि २००८ पर्यंत ते साध्यही झाले. केवळ आकडे जाहीर झाल्याने हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण स्वच्छता आणि शिरेतील नळ्यांची निगा यांवरही तेथे भर दिला गेला. तरी आपली संख्या शेजारच्या रुग्णालयाशी ताडली जाणार आहे, या जाणिवेचा त्यात वाटा होता, असे मानायला जागा आहे.

असे आकडे उघड झाल्यास प्रामाणिकपणे मोजणाराच बदनाम होईल आणि छोट्या नर्सिंग होममधून जंतू घेऊन आलेल्या रुग्णाचे खापर मोठ्या रुग्णालयावर फुटेल, हा आक्षेप खोटा नाही. त्यावरचा उपाय मोजणीतच आहे. दाखल होतानाच नमुना घेतला तर बाहेरून आलेला जंतू वेगळा काढता येतो. आणि संसर्गाची नुसती संख्या न देता, नळी घातलेल्या दर हजार दिवसांमागे किती संसर्ग झाले हे दिले, तर लहानमोठ्या विभागांची तुलना बरीच न्याय्य होते. कोणत्या रुग्णाला किती दिवस नळी होती, हे परिचारिका रोजच्या कागदांवर लिहीतच असतात आणि गुणवत्तेचे मानांकन घेणारी रुग्णालये असा दर काढतातही. दरपत्रकाशेजारी तो आकडा दर तिमाहीला लावण्याचा नियम करणे राज्य सरकारला अशक्य नाही, आणि पालिकेची रुग्णालये त्यातून वगळली जाऊ नयेत. गर्दी आणि अपुऱ्या परिचारिका यांची किंमत तेथील रुग्ण कशी मोजतो, तेही मग मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पावर बोलणाऱ्यांना आकड्यांत दाखवता येईल.