सटवाईचा टाक आणि आपली वही

बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. त्या रात्री बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची पद्धत पुण्यातल्या अनेक घरांत आजही पाळली जाते. तिची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण दवाखान्यात बसलो की रोज दोन-चार माणसे तरी कपाळाकडे बोट दाखवून बोलतात, आणि तेवढ्यावर आपली प्रकृती सोडून देतात. म्हणून आज या विषयावर थोडे लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. रक्तातली साखर किंचित वाढलेली. मधुमेह नव्हे, पण मधुमेहाचा उंबरठा म्हणता येईल अशी. मी चालणे, खाणे, वजन यांविषयी बोलू लागलो, तर त्यांनी मला हातानेच थांबवले. म्हणाले, "डॉक्टर, वडिलांना मधुमेह होता, काकांना होता, थोरल्या भावाचा तर पाय कापावा लागला. आता माझी पाळी. काय गोळ्या द्यायच्या त्या द्या. उगाच जिवाला त्रास कशाला?"

तरीही माझ्या आग्रहाखातर ते आठ दिवस सारसबागेत फिरले. नवव्या दिवशी फिरणे बंद. महिन्याने साखर होती तेवढीच निघाली. रिपोर्ट टेबलावर ठेवून ते जवळजवळ विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

समजूत स्वतःचा पुरावा गोळा करते

या गृहस्थांचे नेमके काय झाले? उपयोग होणार नाही ही खात्री आधीच होती, म्हणून प्रयत्न अर्धवट झाला. प्रयत्न अर्धवट म्हणून गुण आला नाही. आणि गुण आला नाही म्हणून खात्री आणखी पक्की झाली. मनातल्या समजुतीचे बळ ते हेच. तिच्यात जादूटोणा काही नसतो. आपण सकाळी उठून काय करतो आणि काय करायचे टाळतो, हे मात्र तीच ठरवते आणि मग आलेले फळ आपल्याला दाखवून म्हणते, "बघा, मी सांगत नव्हते?"

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास याच विचारावर एक उपचारपद्धती उभी केली. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी ती मराठी माणसांपर्यंत पोचवली. तिचा गाभा सोपा आहे. एखादी घटना घडते आणि तिचा आपल्यावर परिणाम होतो, असे आपल्याला वाटते; पण या दोहोंच्या मध्ये घटनेचा आपण लावलेला अर्थ बसलेला असतो. घटना बदलणे पुष्कळदा हाती नसते. अर्थ तपासून पाहणे हाती असते.

याचे पुण्याच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. मुलगा सतरा वर्षांचा असताना कोकणातल्या मुरूडहून डोंगर-घाट चालत साताऱ्याला परीक्षेला गेला. तिथे "तू फार लहान दिसतोस" म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. त्या दिवशी त्याच्या मनात काय आले असेल ते मी सांगू शकत नाही. पुढे त्याने काय केले ते मात्र सर्वांना माहीत आहे. तो शिकला, फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. साताऱ्याच्या साहेबाचे मत त्याने स्वतःविषयीचे मत होऊ दिले नाही. आपल्यापैकी किती जणांनी शाळेतल्या मास्तरांचे, सासरच्या माणसांचे किंवा एखाद्या डॉक्टरचे एखादे वाक्य आयुष्यभर कपाळावर वागवले आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आधी पाणी, मग विश्वास

इथे एक घोटाळा होतो. "स्वतःवर विश्वास ठेवा म्हणजे सर्व काही मिळेल," असे सांगणारी व्याख्याने आणि पुस्तके उदंड झाली आहेत. माझा अनुभव उलटा आहे. सांगून कुणाला विश्वास वाटत नाही. हातून काहीतरी लहानसे घडते आणि मग विश्वास येतो.

मुरलीकांत पेटकर यांचेच पाहा. मूळचे सांगली जिल्ह्यातले, सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारे जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचारांचा भाग म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. म्हणजे पाण्यात उतरले तेव्हा समोर सुवर्णपदक नव्हते, उपचार होता. १९६८ साली तेल अवीवच्या अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत ते भाग घेऊन आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धांमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. पुढे त्यांनी पुण्यात नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले, पण तो विषय वेगळा.

मला या कथेत महत्त्वाचा वाटतो तो पदकाचा दिवस नव्हे. पाण्यात हात मारल्यावर शरीर पुढे सरकते आहे हे ज्या दिवशी कळले असेल, तो दिवस. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली हेच मांडले. "हे मला जमेल" ही भावना उपदेशाने थोडी वाढते, दुसऱ्याचे पाहून थोडी वाढते. पण सर्वांत जास्त वाढते ती स्वतः करून पाहिल्याने.

माझ्या त्या गृहस्थांना मग मी उपदेश करणे सोडले. म्हटले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमचेच म्हणणे खरे धरू. फक्त सहा आठवडे एक वही घाला. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालायचे, ताटातला भात निम्मा करायचा, आणि केले की नाही ते वहीत लिहायचे. साखर मी तपासतो. तुम्ही जिंकलात तर यापुढे मी चालण्याचे नाव काढणार नाही." गृहस्थ हिशेबनीस होते. वही म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना. सहा आठवड्यांनी जेवणानंतरची साखर खाली आली होती. फार नव्हे, पण आली होती. पाठोपाठ त्यांनी आपणहून विचारले, "पर्वती चढलो तर चालेल का?" मी वर्षभर बोलून जे झाले नसते ते त्यांच्याच अक्षरातल्या चाळीस ओळींनी केले.

कपाळावर लिहिलेले तेही खरे

मात्र त्या गृहस्थांची भीती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. मधुमेह घराण्यात चालतो हे खरेच आहे. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, असे त्यातून दिसले. म्हणजे पुढच्या आजाराचा पाया काही अंशी आईच्या पोटातच घातला जातो. सटवाई थोडेफार लिहिते, म्हणा ना!

पण सगळे लिहीत नाही. चेन्नईच्या डॉक्टरांनी उंबरठ्यावरच्या पाचशेहून अधिक लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीसारखे राहणाऱ्यांपैकी तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्यांपैकी शंभरातल्या ३९ जणांना झाला. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. सगळे पाळूनही ३९ जणांना आजार झालाच. आणि शंभरामागे सोळा जण निदान त्या तीन वर्षांत तरी सुटले. आपण त्या सोळांत आहोत की नाही, हे करून पाहिल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

माझी एक चूक

आता कबुली. तरुणपणी मीही मनोबलाचा मोठा प्रचारक होतो. स्तनांचा कर्करोग झालेल्या एका शिक्षिकाबाईंना मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते, "बाई, मन खंबीर ठेवा. निम्मा आजार मनाचाच असतो." बाईंनी शस्त्रक्रिया सोसली, औषधे सोसली, हसतमुख राहिल्या. तीन वर्षांनी आजार उलटला. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "डॉक्टर, माझंच मन कमी पडलं का हो?"

मला उत्तर देता आले नाही. आज देता येईल. डोके आणि मान यांच्या कर्करोगाच्या हजाराहून अधिक रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मनाची उभारी आणि आयुष्याची लांबी यांचा संबंध त्यात आढळला नाही. धीर असला की दिवस बरे जातात, उपचार नेटाने घेतले जातात, घरच्यांना आधार वाटतो. एवढे पुष्कळ आहे. पण गाठ वाढली तर तो रोग्याच्या मनाचा दोष नव्हे. आजाऱ्याच्या उशाशी बसून "तू मनावर घेत नाहीस" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवावे. असे म्हणणाऱ्यांत मीही होतो, म्हणून अधिकाराने सांगतो.

च काढून पाहा

तेव्हा करायचे काय? आपल्या मनात घट्ट बसलेले एक वाक्य कागदावर लिहा. "मला मधुमेह होणारच." "माझ्याच्याने व्यायाम होणारच नाही." "घरातल्या सगळ्यांचे झाल्यावरच मी जेवायचे." हे शेवटचे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या किती तरी भगिनींच्या अंगातल्या रक्ताच्या कमतरतेमागे असते, आणि ते वाक्य तसेच राहिले तर लोहाच्या गोळ्यांनी आलेला गुण फार दिवस टिकत नाही. आता त्या वाक्यांतला 'च' खोडा. "मला मधुमेह होऊ शकतो." "व्यायाम आजवर झाला नाही." "बहुतेक वेळा मी शेवटी जेवते." वाक्य लगेच खरे वाटते आणि त्यात काही करायला जागाही राहते.

मग त्या जागेत बसेल एवढीच लहान गोष्ट निवडा आणि सहा आठवडे वहीत मांडा. जिना चढण्याइतकी लहान चालेल. औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. विश्वास हा गोळीला पर्याय नाही. सहा आठवड्यांनी वही सांगेल ते मान्य करावे, मग ते आपल्या समजुतीच्या बाजूने असो वा विरुद्ध.

ते गृहस्थ अजून येतात. साखर उंबरठ्यावरच आहे, अजून आत आलेली नाही. उद्या येईलही. परवा मी त्यांना तसे म्हटले, तर ते म्हणाले, "येऊ द्या की. वही आहे माझ्याकडे."