विश्लेषण : गाजावाजा मोठा, गेम अर्धाकच्चा! आगाऊ पैसे का भरू नयेत?

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने ‘सायबरपंक २०७७’ या गेमची घोषणा २०१२ मध्ये केली. २०१९ मध्ये त्याच्या प्रसिद्धीसाठी हॉलिवूड अभिनेता किआनू रीव्ह्ज मंचावर आला. तारीख तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० रोजी गेम बाजारात आला, तोवर सुमारे ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली होती.

नेमके काय बिघडले?

प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर गेम अडखळत होता, मध्येच बंद पडत होता. समीक्षकांना आधी फक्त पीसीवरील आवृत्ती मिळाली होती. त्यामुळे कन्सोलवरची दुरवस्था ग्राहकांना वेळेत कळलीच नाही. आठवडाभरात सोनीने गेम आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून हटवला आणि पैसे परत देऊ केले. गेम तिथे परतला तो थेट जून २०२१ मध्ये.

पण नंतर सुधारला ना?

सुधारला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर त्याचे कौतुकही झाले. मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत मोजणारे तोवर फुकटचे चाचणीदार ठरले होते.

ग्राहकाच्या हाती काय?

सिनेमाची तिकिटे संपतात, डाउनलोड होणारा गेम संपत नाही. मग आगाऊ नोंदणीची घाई कशासाठी? पैसे आधीच मिळाले की अपुऱ्या कामाची जोखीम कंपनीकडून खेळाडूकडे सरकते. आठवडाभर थांबावे, आपल्याकडच्याच कन्सोलवर गेम कसा चालतो ते पाहावे आणि मगच खिशात हात घालावा.