वाफसा आणि दुबार पेरणी

मैत्रिणींनो, वाफसा कुणासाठी थांबत नाही, हे आम्हा वाशीमच्या बायांना शिकवावं लागत नाही. भावना गवळींनी १९९९ मध्ये, ऐन तरुण वयात, खासदारकीची संधी साधली नि सलग पाच वेळा निवडून आल्या. २०२४ मध्ये लोकसभेचं तिकीट हुकलं. त्या विधान परिषदेवर गेल्या. त्याच वर्षी रिसोडमधून विधानसभा लढल्या, हरल्या. राजकारण पटो न पटो, मला एक पटतं: बी उगवलं नाही तर रान वखरून दुबार पेरायचं. तेही साधेलच असं नाही. पण शेतात ही हिंमत करणाऱ्या आपण स्वतःच्या बाबतीत ‘पोरं मोठी होऊ दे’ म्हणत वाफसा घालवतो, अन् न उगवलेल्याला वर्षानुवर्षं पाणी घालतो. का बरं?